संगणकातली जागा

आमच्या परभणीच्या कचेरीत संगणक एकच होता. विभागांचे पाच पडदे त्यालाच जोडलेले. कोणत्या विभागाच्या खात्याला किती जागा द्यायची, हे संगणक सांभाळणारा ऑपरेटर बघायचा. आपलं खातं बंद न करता कुणी नुसता पडदा विझवून निघालं, की ओरडायचा, "सायब, दार उघडं टाकून कुठं चाललाव?"

एकदा जागाच संपली. पाटबंधाऱ्याच्या कारकुनानं टाइप केलेलं पाणीपाळीचं वेळापत्रक साठवलं जाईना. बाहेर शेतकरी ताटकळले होते. उभी पिकं सुकत होती.

"जुनं कायतरी पुसा की," ऑपरेटर प्रत्येकाला विनवत होता. प्रत्येकाला आपलं सगळंच गरजेचं वाटत होतं. माझ्या खात्यात निम्मा कचरा होता, तरी मीही काही पुसलं नाही.

मग त्यानं स्वतःचं खातं पुसलं. तोवर सगळं इंग्रजीतच छापून निघायचं, म्हणून फावल्या वेळात ठिपक्याला ठिपका जोडून त्यानं तिथं मराठी अक्षरं घडवत आणली होती. मला ते ठाऊक होतं.

वेळापत्रक छापून निघालं. तो दारात उभा राहून गावागावाची पाळी मोठ्यानं वाचू लागला.

"मराठीत न्हाई व्हय हे?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"करायलोय, मामा," तो म्हणाला. "तवर ऐका."