सात सभासद आणि चौदा शेळ्या

माझी आत्या शिवणकाम करते आणि शेळ्या पाळते. दोन्ही एकाच खोलीत नाही, पण फार लांबही नाही. म्हणून तिच्याकडून आलेले कपडे आधी धुवावे लागतात. तिच्या शेळ्या बुटक्या. कान नावापुरते, पाय इतके आखूड की चष्मा विसरून आलेलं एक गिऱ्हाईक स्टूल समजून एकीवर टेकलं होतं. सासऱ्यांनी पाळल्या, नवऱ्याने सांभाळल्या, दोघांच्या माघारी आत्याने हट्टाने टिकवल्या. "विकून टाक" म्हणणाऱ्याचं माप ती मुद्दाम घट्ट घ्यायची.

एकदा पशुसंवर्धन खात्याच्या डॉक्टरीणबाई आल्या. शेळ्यांकडे बघतच राहिल्या.

"बाई, आमच्या कागदांप्रमाणे ही जात संपली आहे."

"मग कागद बदला," आत्या म्हणाली. "शेळ्यांना कोण सांगणार?"

सरकार लसी, औषधं आणि तारेचं कुंपण द्यायला तयार होतं. अट एकच: शेळीपालकांची संस्था हवी, सात सभासद, आणि प्रत्येकाची निदान एक शेळी. आत्याकडे शेळ्या चौदा होत्या. पालक ती एकटीच.

तिने ओळखीपाळखीत शेळ्या वाटायला सुरुवात केली. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, दातांच्या दवाखान्यात काम करते. "शेळी राहील माझ्याकडेच, तू नुसती मालकीण हो," असं म्हणून तिने मला सचिव केलं. सायकल दुरुस्त करणारे काका आले, आणखी तिघं आले. सातवं माणूस काही मिळेना. उरल्या भिंतीपलीकडच्या थोरल्या जाऊबाई. त्यांचा अख्खा गुलाबाचा ताटवा शेळ्यांनी फस्त केल्यापासून नऊ वर्षं दोघींचा अबोला होता.

आत्या मला घेऊन गेली.

"नऊ वर्षांनी तोंड उघडलंस ते शेळ्यांसाठी?" जाऊबाई म्हणाल्या.

"त्यांच्यासाठीच, जाऊबाई. तुमच्यासाठी उघडलं नसतं."

जाऊबाईंनी पदर खोचला. "मी अध्यक्ष होणार."

आत्याने मान डोलावली.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी प्रत्येकाला आपापली शेळी दाखवायला सांगितलं. मी अंदाजाने एक धरली. सायकलवाल्या काकांनी जवळच्या जनावराच्या पाठीवर प्रेमाने हात फिरवला. "ही माझी. रोज लिटरभर दूध देते."

"हा बोकड आहे," बाई म्हणाल्या.

काकांनी हात मागे घेतला. बाईंनी पेनाला टोपण लावलं. "हे असू दे. वंशावळ तरी आहे का? कोण कोणाचं पिल्लू, कधी जन्मलं?"

आत्याचा चेहरा उतरला. तिने तसलं काही कधी लिहून ठेवलं नव्हतं.

तेवढ्यात जाऊबाई घरी गेल्या आणि एक जाडजूड वही घेऊन आल्या. नगरपालिकेत तक्रार करायची म्हणून त्यांनी नऊ वर्षं सगळं टिपून ठेवलं होतं. बाई मोठ्याने वाचू लागल्या: "'तारीख चार. काळ्या डोळ्याच्या शेळीची थोरली लेक, वय दीड वर्ष, गाभण. शेवंती खाल्ली. हिची आईही अशीच.' 'तारीख एकोणीस. तिलाच दोन करडं झाली. म्हणजे माझ्या भाजीचं आता काही खरं नाही.'"

बाई खालीच बसल्या. "आमच्या सरकारी फार्मवरसुद्धा इतकी नीट नोंद नसते हो."

"तक्रार करायची तर पुरावा पक्का हवा," जाऊबाई म्हणाल्या. आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. सगळ्या शेळ्यांना आपल्याइतकंच ओळखणारं माणूस भिंतीपलीकडे होतं, हे तिला नऊ वर्षं कळलंच नव्हतं.

मान्यता मिळाली. सायकलवाल्या काकांनी लाजेखातर खरोखरच एक शेळी घरी नेली. तारेचं कुंपण आलं तशा जाऊबाई हवालदिल झाल्या. शेळ्या त्यांच्या बागेत येईनात, नोंद करायची कशी? शेवटी त्या वही घेऊन आत्याच्याच अंगणात येऊन बसू लागल्या.

शेळ्या आता एकवीस आहेत. परवा गेले तर एका करडाचा कान जातीला शोभण्याइतका आखूड आहे की नाही, यावरून दोघींची जुंपली होती. आत्याच्या हातात टेप, जाऊबाईंच्या हातात वही. करडू माझ्या मांडीवर टाकून दोघी म्हणाल्या, "तू सचिव ना? सांग बरं."

"करडू गोड आहे," मी म्हणाले.

दोघी एका सुरात माझ्यावर खेकसल्या.