‘बरं, येते’ म्हणाली मावशी

शुक्रवारी दुपारी निखिलदादाच्या ट्रकमध्ये चढले तर मागच्या सीटवर दोन बंदुका आणि त्यांना टेकून माझी लॅपटॉपची बॅग! बंदुका पेटीत होत्या, पेटीला कुलूप होतं, तरी मिनियापोलिस सुटेपर्यंत मी सारखी मान वळवून बघत होते.

"अगं, त्या स्वतःहून काही करत नाहीत," दादा म्हणाला.

"माहितीये. तरी."

आधी ओळखी करून देते, नाहीतर घोळ होईल. शैलामावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. मूळ कराडची, इथे विस्कॉन्सिनमध्ये आयुष्यभर लहान मुलांची डॉक्टर होती, आता रिटायर्ड. निखिलदादा तिचा मुलगा, इथेच जन्मलेला. आणि हे दोघं मायलेक दर नोव्हेंबरला बरोबर हरणाच्या शिकारीला जातात. हो, शिकारीला! इथे त्याचा सीझन असतो, परवाना काढावा लागतो, सगळं कायद्यात बसतं. पण आमच्या आईने नाशिकमध्ये हे कधी कुणाला कळू दिलं नाही. विचारलं तर म्हणायची, "शैला थंडीत कॅम्पिंगला जाते."

सुरुवात कशी झाली तर दादा शाळेत असताना वर्गातली सगळी मुलं बाबांबरोबर जंगलात जायची आणि त्यालाही जायचं होतं. लहान मुलाबरोबर मोठं माणूस लागतंच. आमचे काका, म्हणजे मावशीचा नवरा, शुद्ध शाकाहारी. ते म्हणाले, फार तर गाडी चालवीन. मग मावशी म्हणाली, मी शिकते. आणि खरंच, दोघांनी एकाच बाकावर बसून सेफ्टीचा क्लास केला. ती पास झाली, हा पहिल्यांदा नापास. हे ती अजून सांगते.

मला हे सगळं भारी वाटत होतं. एमएसच्या असाइनमेंट्स सोडून जंगल, बर्फ, मचाण! पण डुलुथच्या अलीकडे पेट्रोल भरून दादा परत आत बसला आणि त्याने ट्रक चालूच केला नाही.

"लिसन. आईचा गुडघा या वर्षी ऑपरेट झालाय. मागच्या सीझनला ती शिडीवरून घसरली होती, बाबांना सांगितलेलं नाही. धिस हॅज टू बी हर लास्ट इयर. मला तिला सांगायचंय."

"मग सांग ना."

"तू असलीस की ती ओरडणार नाही."

"म्हणजे मला त्यासाठी बोलावलंस?"

"नाही गं." त्याने किल्ली फिरवली. "ओके, थोडंसं."

झालं. पुढचा रस्ता काय सुंदर होता सांगू, सरळसोट पाइनची झाडं, अधूनमधून गोठायला लागलेली तळी, आणि मी फक्त विचार करतेय की हा नक्की कधी बोलणार. जेवायच्या आधी की नंतर?

मावशी आधीच केबिनवर पोचली होती. लाकडाची दोन खोल्यांची केबिन, मध्ये शेगडी, आणि दार उघडल्या उघडल्या कांदा-लसूण मसाल्याचा खमंग वास! मागच्या वर्षीच्या हरणाचं मटण फ्रीझरमधून आणून तिने सुकं केलं होतं. भाकरी मात्र जमली नव्हती, तव्याला चिकटली, म्हणून टॉर्टिया. चव विचाराल तर बकऱ्याच्या मटणासारखी, पण कमी चरबीची आणि जरा रानटी. मी तीनदा घेतलं.

"नाशिकला सांगू नकोस," मावशी म्हणाली, "तुझी आई नाक मुरडेल आणि मग पार्सल मागेल."

दादाने जेवताना तोंड उघडलं. माझा घास तिथेच थांबला.

"आई…"

"काय?"

"मीठ दे."

शनिवारी उजाडायच्या आधी निघालो. सगळ्यांच्या अंगावर ब्लेझ ऑरेंज (डोळ्यांत घुसेल असा केशरी, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याला आपण माणूस आहोत हे लांबून कळावं). मी मावशीचं जुनं जॅकेट घालून गॅस सिलिंडरसारखी दिसत होते. वाटेवर दोघं एक शब्द बोलत नव्हते, पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मावशी थांबली की दादा मागे न बघताच थांबायचा.

दोघांची मचाणं वेगळी. झाडाला शिडी लावून वर फळ्यांची बैठक. दादाचं उघड्या माळाच्या एका टोकाला, मावशीचं माळ ओलांडून पलीकडे झाडीत, आणि तिच्याही मागे उतारावर ओढा. मी दादाबरोबर बसले. वर चढल्यावर त्याने कानात कुजबुजून नियम सांगितला. आई कुठे आहे हे मला प्रत्येक क्षणी माहीत पाहिजे, मी कुठे आहे हे तिला. माहीत नसेल तर बंदूक वर उचलायचीच नाही. मग समोर काहीही येऊ दे.

"काहीही?"

"काहीही."

मग बसणं. नुसतं बसणं! माझ्या पायाची बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली, ते जास्त भीतीदायक. मला लघवीला लागली होती आणि मी ते सांगितलं नाही. एक खार इतका आवाज करत होती की मला वाटलं अस्वल आलं.

सकाळ निम्मी सरली तेव्हा पलीकडून गोळीचा आवाज आला. एकच. मी जवळजवळ फळीवरून उडाले. मावशीच्या बाजूच्या झाडीत फोनला रेंज नाही, म्हणून दोघांकडे वॉकीटॉकी.

"आई? तू?"

खरखर. मग मावशीचा आवाज, एकदम शांत. "हो रे. लागलंय. थोडं पळालं. भुरभुर सुरू झालीये बघ." बर्फाची भुरभुर, म्हणजे आमच्याकडेही सुरू झाली होती. "बरं, येते."

"ओके," दादा म्हणाला आणि मला समजावून सांगितलं, की हरीण लागून पळालं तर एकट्याने मागावर जायचं नाही, जोडीदाराला घेऊन जायचं. म्हणून ती माळ ओलांडून आपल्याकडे येतेय. त्याने बंदूक मांडीवर आडवी ठेवली आणि बोट ट्रिगरपासून लांब, सरळ.

आणि तेवढ्यात तो आला.

बक (नर हरीण). माळाच्या मधोमध, बर्फात, जणू घरच्या अंगणात. शिंगं एवढी की मला आधी वाटलं त्याच्या मागे झुडूप आहे. तो चालत चालत आमच्याच दिशेने आला, मचाणाच्या जवळ थांबला, नाकातून वाफ, आणि वर बघतच नाही! मी श्वास घेत नव्हते. मी दादाच्या हाताकडे बघत होते. बंदूक मांडीवरून एक इंचही हलली नाही. कारण त्या बकच्या मागे माळ होता आणि त्या माळावरून कुठल्याही क्षणी त्याची आई येणार होती.

बक निवांत निघून गेला. दादाने डोळे मिटून घेतले.

पण मावशी आलीच नाही.

भुरभुर वाढली. माळ तेवढाच, पलीकडची झाडं तेवढीच, आणि मधे केशरी ठिपका नाही. दादाने वॉकीटॉकीवर हाक मारली. नुसती खरखर. परत मारली. त्याचा आवाज बदलायला लागला.

"शी सेड येते. यू हर्ड हर, राइट? शी सेड येते!"

"हो, ऐकलं ना. ‘बरं, येते’ म्हणाली."

आणि ते मी स्वतःच्या तोंडून ऐकलं आणि अंगावर सरसरून काटा आला. बरं, येते! अरे देवा. आमची आई दारात चपला घालताना काय म्हणते? नाशिकच्या सगळ्या मावश्या, काकवा, शेजारणी, चहा पिऊन उठताना काय म्हणतात?

"दादा," मी म्हटलं, "ती येत नाहीये. ती निघालीये."

"व्हॉट?"

"आपल्यात ‘जाते’ म्हणत नाहीत रे, अशुभ असतं. जाताना ‘येते’ म्हणतात. तिने तुला बाय केलं! बर्फाने रक्ताचे ठिपके बुजतील म्हणून ती एकटीच मागावर गेलीये."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मलाच मी दोषी वाटले. मग बंदूक रिकामी केली आणि शिडी तो उतरला नाही, जवळजवळ पडला.

माळ आम्ही धावत ओलांडला. बर्फात धावणं म्हणजे काय ते विचारू नका, मी दोनदा तोंडावर आपटले आणि दुसऱ्यांदा चष्मा शोधत बसले. मावशीचं मचाण रिकामं. खाली बुटांचे ठसे, निम्मे बुजलेले, आमच्याकडे नाही, उलट दिशेला. ओढ्याकडे. एक पाऊल नीट, एक जरा फरफटलेलं. तो ऑपरेशनचा गुडघा.

"आई!" दादा ओरडला. लहान मुलासारखा. "आईऽऽ!"

ओढ्याच्या काठाला ठसे संपले आणि तिथे पातळ बर्फ फुटलेला होता. काळं पाणी. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते, आत्ता टाइप करतानाही बोटं गार पडलीत.

"बोंबलतोस काय?" पलीकडून आवाज आला. "इथे आहे मी."

पडलेल्या ओंडक्यावर बसली होती, केशरी टोपी तिरकी, शेजारी बर्फात हरीण निश्चल. एक पाय गुडघ्यापर्यंत ओला. वॉकीटॉकी उतारावर चालत नाही म्हणून खिशात ठेवून दिलेला.

"यू सेड येते!" दादा काठावरून ओरडला.

"हो, म्हणजे निघाले!"

"येते मीन्स कमिंग, आई!"

"अरे गाढवा, येते म्हणजे जाते! तुला इतकं शिकवलं मराठी…"

"शिकवलंस ते हेच! येते म्हणजे कमिंग!"

मी मधे पडले, की मावशी, पाय. तेव्हा कुठे दोघं भानावर आले. ओंडक्यावरून ती उठली नव्हती, कारण उठताच येत नव्हतं. दादा दगडांवरून पलीकडे गेला, तिचा बूट ओढून काढला, दोन मोजे काढले. बोटं पांढरीफटक. त्याने स्वतःच्या जॅकेटची चेन खाली केली, शर्ट वर केला आणि तिचं पाऊल सरळ पोटाला लावून धरलं.

"हाय! काय करतोस! कुणी बघेल," मावशी म्हणाली. त्या जंगलात, कोण बघणार?

"शट अप, आई."

तिने पाय तसाच धरू दिला. मग बऱ्याच वेळाने मला म्हणाली, "तू तिकडे तोंड कर, हरणाचं पोट साफ करायचंय." मी केलं. तरी आवाज आलेच. काम दादाने केलं आणि मावशीने बसल्या बसल्या सूचना दिल्या, आणि ती चूक काढत होती तेव्हा मला जरा जिवात जीव आला.

परत येताना दादा दोरीने हरीण ओढत पुढे, मावशी माझ्या खांद्यावर भार देऊन मागे. दादाच्या मचाणाखाली आलो तेव्हा ती थांबली, खाली बघितलं, आणि पुढे चालायला लागली. मला वाटलं दम लागला.

केबिनवर गरम पाण्यात पाय, मिरीचा चहा, बोटांना हळूहळू रंग. मावशीने विचारलं, "तुमच्याकडे काही आलं होतं का?"

"नाही," दादा म्हणाला. "नथिंग."

मी कपात तोंड खुपसलं. आता सांगेल, आता सांगेल, हे लास्ट इयर. त्याने नाही सांगितलं. तो तिचे बूट शेगडीजवळ वाळत ठेवत बसला, एकदा या बाजूने, एकदा त्या.

रविवारी मला परतायचं होतं, सोमवारी क्लास. दादा मारलेलं हरीण सरकारकडे नोंदवायच्या कामात होता, म्हणून डुलुथच्या बसपर्यंत मावशीने सोडलं. गाडी तीच चालवत होती, बँडेज नसलेल्या पायाने, आणि मी घट्ट धरून बसले होते.

"मोठा होता ना?" ती एकदम म्हणाली.

"कोण?"

"मला मूर्ख नको समजू. मचाणाखाली खुरांचे ठसे होते, निम्मे बुजलेले, तरी माझ्या तळव्याएवढे. आला, थांबला, आणि चालत गेला. पळालेला नाही. म्हणजे याने बंदूकच उचलली नाही." मग वळण घेत, "मी माळावर आहे असं वाटलं त्याला."

मी मान हलवली.

"शाळेत होता तेव्हापासून असल्या एका बकची वाट बघतोय तो. आणि तू बघितलंस का, काल त्याने काही ऐकवलं नाही मला. बास कर म्हणून सांगणार होता ना? तेही नाही सांगितलं." तिने नाक पुसलं, थंडीने असेल. "जोडीदाराच्या काळजीने नेमच धरता येत नसेल तर ती जोडी काय कामाची? मला कळलं पाहिजे होतं गं. त्याच्या आधी."

"मग आता?"

"आता पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी बसणार. बंदूक त्याची, डोळे दोघांचे. शिकार सोडणार नाही म्हणजे नाही."

"दादाला सांगू?"

"तू काही सांगू नकोस. मी पण नाही सांगणार. इथे बस आली बघ, पळ."

बसमध्ये खिडकीला डोकं लावून बसले. बाहेर तेच पाइन, तीच तळी, आता पांढरी. जाताना मला वाटत होतं की शिकारीची जोडी म्हणजे दोघं मिळून काहीतरी मारतात. आता वाटतंय की दुसरा कुठे आहे हे सतत मनात धरून ठेवणं, हेच त्यातलं खरं काम. आणि ते सुटलं की काय होतं ते मी त्या माळावर बघितलंय, दादाच्या पाठीमागून धावताना. रात्री आईला फोन करून ती कुठे आहे एवढंच विचारणार आहे. ती म्हणेल, कुठे असणार, घरी.

मिनियापोलिसच्या अलीकडे रेंज आली आणि दादाचा मेसेज: ‘आई परत आल्यापासून मोजायची टेप घेऊन माझ्या मचाणावर चढलीये. बैठक रुंद करायची म्हणते. फळ्या आणायला पाठवतेय. तू काही बोललीस का तिला???’

मी ‘नाही’ टाइप केलं. मग विचारलं, ‘शिडीवर एकटीये?’

लगेच उत्तर आलं: ‘वेडी आहेस का. मी खाली शिडी धरून उभाय.’