ऑर्गनचा स्वर चढला तेव्हा

"बँड कट करा. दुसरा भाग नुसता ऑर्गनवर होईल," चर्चचे सेक्रेटरी मला म्हणाले.

मध्यंतर चालू होतं. चर्चच्या मागच्या व्हरांड्यात रेल्वे वर्कशॉपच्या बँडचे कामगार ट्रम्पेट, ट्रोम्बोन घेऊन ऑर्गनच्या स्वराशी जुळवून पाहत होते. एरवी ही माणसं लग्नाच्या वरातीत, रस्त्यावर वाजवायची. आज पहिल्यांदाच छपराखाली वाजवणार होती. बायकापोरं आत शेवटच्या बाकांवर नटूनथटून बसली होती.

"ते बेसूर आहेत. तू ऑर्गनचे स्वर लावणारा ट्यूनर ना? ऐकू येत नाही?"

"येतंय, सार. पण ते बेसूर नाहीत. ऑर्गन चढलाय."

पाइप ऑर्गन नळ्यांतल्या हवेवर वाजतो. हवा तापली की स्वर चढतो. सकाळी रिहर्सलला सगळं जुळलं होतं. संध्याकाळी सेक्रेटरींनी रस्त्याचा गोंगाट नको म्हणून दारं लावली, घरघर नको म्हणून पंखे बंद केले. मद्रासचा मे महिना, भरलेलं चर्च. गरम हवा वर जाते आणि ऑर्गनच्या नळ्या वर माळ्यावरच असतात.

बँडमास्टर सेल्वराज अण्णांनी ट्रम्पेटची सरकती नळी पार आत ढकलली होती. तशी ढकलली की स्वर चढतो. तरी ऑर्गन वरच.

"तंबी, आता काय ट्रम्पेट गिळू?" त्यांनी विचारलं. मला ते तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचे.

मी सेक्रेटरींकडे वळलो. "बँड कट करायचा तर स्टेजवरून कारण सांगा. दारं मी लावली, म्हणा."

"तुझं कॉन्ट्रॅक्ट माझ्या सहीवर चालतं."

"ठाऊक आहे."

पण भांडून स्वर उतरत नाही. दारं उघडूनही लगेच उतरला नसता. घंटा व्हायला आली होती. मी माळ्यावर धावलो.

पाहुण्या ऑर्गनवादक बाई घाम पुसत होत्या. त्या इम्प्रोव्हायझेशन करायच्या, म्हणजे समोर कागद न ठेवता जागीच रचत वाजवायच्या. त्यांना तिथेच सुचेल ते वाजवायचं, तर एकत्रच वाजवलं पाहिजे असं कुठे होतं?

"मॅडम, बँडबरोबर वाजवू नका. तो थांबला की उत्तर द्या."

"भांडल्यासारखं?"

"हो."

"उत्तम. मला भांडायचंच आहे. पंखे कोणी बंद केले?"

खाली येऊन मी अण्णांनाही हेच सांगितलं. घंटा होताच, सेक्रेटरी स्टेजवर जायच्या आत, अण्णांनी तडक वरातीची चाल फुंकली आणि थांबले. क्षणभर शांतता. मग वरून ऑर्गन गरजला. दोन स्वर एकमेकांना भिडलेच नाहीत, त्यामुळे फरक कोणाला टोचला नाही. शेवटी मागच्या बाकांवरची पोरं बाकावर चढून टाळ्या पिटत होती.

या कल्पनेबद्दल सेक्रेटरींचं अभिनंदन झालं. माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही.

आता बेसूर वाजतंय अशी तक्रार आली, की मी वाजवणाऱ्यांकडे नंतर जातो. आधी दारं कोणी लावली ते विचारतो.