कोराडीची शेवटची बस

रिपोर्ट लिहिणाऱ्या ऑफिसात रिपोर्ट एकच तयार होतो, किस्से मात्र ढीगभर. रिपोर्ट साहेबांच्या कपाटात जाऊन पडतो. किस्से कुठे ठेवणार? ते आमच्या जेवणाच्या डब्याभोवती जमतात. कोणीतरी म्हणतं, "वर्षा, तो कळमन्याचा सांग ना," आणि माझी भाजी थंड!

आमचं ऑफिस नागपूरच्या धरमपेठेत, एका मिठाईच्या दुकानाच्या वर. शहरातल्या एका जुन्या मैदानाचं फुटबॉल स्टेडियम करायचं घाटत होतं. लोक तिथे येणार कसे, जाणार कसे, आणि कोणाचा काय फायदा होणार, हा अभ्यास आमच्याकडे आला. टीम तीन जणांची. डोंगरे सर म्हणजे बॉस, यांचा कॉम्प्युटरवरच्या आकड्यावर देवापेक्षा जास्त विश्वास. दुसरी मी, मला राग पटकन येतो आणि हसू त्याहून पटकन. तिसरे पराते काका.

काका मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. पण हातमागावर बसायच्या वयात त्यांच्या हाती तिकिटांची पेटी आली, ती रिटायर होईपर्यंत. जन्मभर कंडक्टर. आता शहराबाहेर कोराडीला, वीज प्लांटच्या वसाहतीत मुलीच्या क्वार्टरमध्ये राहतात. या वयात उन्हातान्हात माणसं मोजायचं काम त्यांनी का धरलं, ते मला फार उशिरा कळलं.

*

पहिल्या दिवशी काकांना चौकात उभं केलं. काम सोपं. किती ऑटो गेले, किती कार गेल्या, रेघा मारायच्या. संध्याकाळी सरांनी फॉर्म हातात घेतला आणि डोळे बारीक केले.

"पराते, या ऑटोपुढे साडेसात काय लिहिलंय?"

"सीटा, सर."

"साडेसात माणसं?"

"सात फुल, एक हाफ."

मी उगाच मध्ये तोंड घातलं. "काका, कोणाच्या मांडीवर एखादं तान्हं लेकरू असेल, ते कुठे लिहिलं?"

काका माझ्यावरच भडकले. "थे कायले लिहू वं? थे फ्री असते!"

*

मग घरोघरचा सर्व्हे. एकच मुख्य प्रश्न: स्टेडियम झालं तर तुम्ही मॅच पाहायला याल का? काकांनी आठ दिवस फिरून गठ्ठा आणून टाकला. सगळ्या फॉर्मवर एकच उत्तर, "हो."

सरांनी ते कॉम्प्युटरमध्ये भरलं. कॉम्प्युटर म्हणाला, दर रविवारी अख्खं नागपूर स्टेडियममध्ये.

"अहो पराते, मग गावात कोण राहील?"

"सर, आपण कोणाच्या दारात गेलो, पाणी पिलो, अन् इचारलं का येसान का, तर मानूस 'हाव' म्हनते. नाही कसा म्हनंन? पाहुन्याले कोनी नाही म्हनते का?"

एका आजींचा फॉर्म तर मी जपून ठेवलाय. वय पंच्याऐंशी, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, घराबाहेर पडणं बंद. मॅचला येणार का? हो. कशाने येणार? पायी.

*

कळमन्याच्या मार्केटला मात्र मी स्वतः गेले. आर्थिक लाभाचं प्रकरण माझ्याकडे होतं ना! संत्र्याच्या ढिगाशेजारी एक व्यापारी बसले होते. मी त्यांना सगळं समजावलं. स्टेडियम होईल, रस्ता रुंद होईल, लोक येतील, मालाला उठाव येईल. हाफटाइमला खेळाडूंना संत्र्याच्या फोडी देतात, हेसुद्धा मीच उत्साहानं सांगितलं. ते सावरून बसले.

"असं का? खेळाडू किती असते?"

"दोन्ही टीमचे मिळून बावीस."

"हजार?"

"नाही हो. नुसते बावीस."

त्यांनी ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "एका पेटीत होऊन जाते, ताई. एवढ्यासाठी रस्ता रुंद करून राहिले का तुम्ही?"

*

आणि रस्त्यांची मीटिंग! धरमपेठेचे लोक म्हणाले, स्टेडियम उत्तम, पण गाड्या आमच्याकडून नकोत, कळमन्याकडून न्या. कळमन्याचे म्हणाले, आमच्याकडे ट्रकच मावत नाहीत, धरमपेठेतून न्या. दोन तास हेच. शेवटी सरांचा तोल सुटला.

"मग काय लोकांना हेलिकॉप्टरनं आणू?"

मागून एक काकू शांतपणे उठल्या. "आणा ना. फक्त आमच्या गच्चीवरून नका नेऊ. सांडगे घातलेत."

*

मैदानाच्या गेटपाशी एक बाई पोह्यांची गाडी लावते. तिला मी विचारलं, "स्टेडियम झाल्यानं किती जणांना काम मिळेल असं वाटतं?"

"एकाले."

"एकालाच?"

"माह्या नवऱ्याले. दिवसभर घरी लोळून राहते. मॅचच्या निमित्तानं तरी थो इथं येईन. एकदा आला का पकडतोच मी त्याले प्लेटा धुवाले!"

रोजगारनिर्मितीच्या रकान्यात मी 'एक' लिहिलं. सरांनी पुढे शून्यं लावून घेतली.

*

आता गौरीचा किस्सा.

गौरी म्हणजे काकांची नात, कोराडीच्या मुलींच्या टीमची गोलकीपर. पण ती काकांची नात आहे हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. मैदानावर ज्या टीम खेळायला येतात त्यांचे फॉर्म मी भरत होते. तिला विचारलं, "मॅच संपल्यावर घरी कशा जाता?"

ती विचारात पडली. "मॅच संपल्यावर? ताई, आम्ही संपेपर्यंत कधी थांबलोच नाही."

झालं होतं असं. कोराडीची शेवटची बस सहाला दहा कमी असताना सुटायची. मॅच संपायची सव्वासहाला. अंधारात कोळशाच्या ट्रकांच्या मधून ऑटोनं यायला घरचे परवानगी देत नाहीत, आणि खरंच आहे त्यांचं. म्हणून पावणेसहाला या अकराच्या अकरा मुली बॅगा उचलून पळत सुटायच्या, आणि रेफरी समोरच्या टीमला विजयी घोषित करायचा. दोन गोलांनी पुढे असल्या तरी! बाकीच्या टीमना हे इतकं पाठ झालं होतं की त्यांचे कोच बाहेरून ओरडायचे, "टाइम काढा वं पोरींनो, यांची बस येऊनच राहिली!"

मी तणतणत ऑफिसात आले. म्हटलं, स्टेडियम बांधायला निघालो आपण आणि एक बस सुटत नाही वेळेवर! काका कोपऱ्यात फॉर्म लावत होते. मान वर न करता म्हणाले, "वेळेवर सुटते, ताई. म्हनून तर घोटाळा हाय."

मग त्यांनी सांगितलं. नोकरीची शेवटची दोन वर्षं त्या बसवर तेच कंडक्टर होते.

"एकदा माह्या नातीची, गौरीची टीम जिंकत होती. मी मैदानाच्या गेटापर्यंत गेलो, हाक मारली अन् परत येऊन डबल बेल देल्ली. पूर्ण नोकरीत एक मिनिट लेट केली नाही मी गाडी. थे पोरगी माह्या बाजूच्या सीटवर बसून कोराडीपर्यंत रडली, अन् मी तिचं तिकीट फाडून राहिलो होतो." काकांनी फॉर्मचा गठ्ठा टेबलावर आपटून सरळ केला. "म्हनून हे काम धरलं. तुमच्या रिपोर्टात एक बस उशिराची लिहा, बस. बाकी स्टेडियम होवो का न होवो."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. सर चष्मा पुसत बसले. मग त्यांनी सगळी कामं बाजूला सारून पहिली शिफारस टाइप केली: कोराडीसाठी सव्वासातची बस.

*

शिफारस गेली शहर बसचं काम पाहणाऱ्या सोनकुसरे साहेबांकडे. माणूस सज्जन, पण घड्याळाच्या बाबतीत कडक. म्हणाले, "एक महिना चालवून पाहतो. अट एकच, रोज सव्वासात म्हणजे सव्वासात. उशीर झाला की पुढचं सगळं वेळापत्रक बिघडतं. महिन्याच्या शेवटी मी स्वतः बसमध्ये बसून पाहीन. एक मिनिट जरी उशिरा सुटली तरी बस बंद."

पहिल्या दिवशीची मॅच पाहायला आम्ही तिघंही गेलो. कोराडी एका गोलनं पुढे. पावणेसहा वाजले, आणि काय सांगू बाप्पा! सवयीनं अकराच्या अकरा मुली मैदान सोडून बॅगांकडे धावल्या! समोरच्या टीमनं जिंकल्याच्या आनंदात उड्या मारायला सुरुवात केली. काका मैदानाच्या कडेवरून दोन्ही हात हलवत बोंबलत होते, "मागं फिरा वं! बस सव्वासातची हाय! खेळा ना वं!"

रेफरीला काय करावं कळेना. त्यानं घड्याळ पाहिलं, मुलींकडे पाहिलं आणि पुन्हा शिट्टी वाजवली. कोराडी जिंकली. मॅच संपल्यावर मुली मैदानावरच उभ्या राहिल्या. संपल्यावर काय करतात हे त्यांना माहीत नव्हतं.

*

महिन्याचा शेवटचा रविवार. फायनल, आणि फायनलमध्ये कोराडी! मॅच साडेचारची, पण पाहुण्यांनी भाषणच पाऊण तास केलं. म्हणून सात वाजता बरोबरी, आणि आता पेनल्टी किक. मैदानावरचे दोन दिवे लागलेले.

गेटपाशी बस उभी. त्यात ड्रायव्हर, कंडक्टर, प्लांटच्या शिफ्टला जाणारे आठ-दहा जण, पुढच्या सीटवर घड्याळ घेऊन सोनकुसरे साहेब, आणि फॉर्म भरायला पराते काका. पुढचं काकांनीच नंतर सांगितलं.

सव्वासात वाजले. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

साहेब म्हणाले, "पराते, वेळ झाली."

काका म्हणाले, "हाव, साहेब." आणि उठून दारात उभे राहिले. तिथून हलेनात.

"पराते?"

"साहेब, अकरा सीटा बाकी हाय." त्यांनी दाराची दांडी धरून ठेवली. "एकदा सोडून आलो मी त्याह्यले. आता नाही होत माह्याच्यानं. तुम्ही बस बंद करा, पण थे किक होऊ द्या."

मी गोलपोस्टच्या मागे होते, मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. चार-चार झालेलं. मग कोराडीची शेवटची किकही आत गेली, पाच-चार. आता समोरच्या मुलीनं बॉल ठेवला, आणि गोलमध्ये गौरी, गुडघे वाकवून, हात पसरून. माझ्या कानाशी कोणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडलं, "डावीकडे जाय वं पोरी, डावीकडे!"

वळून पाहिलं तर सोनकुसरे साहेब! त्यांच्या मागे ड्रायव्हर, कंडक्टर, शिफ्टवाले, डबे हातात घेतलेले. आणि सगळ्यांत मागे काका, डोळे घट्ट मिटून.

गौरी डावीकडे झेपावली. बॉल तिच्या हाताला लागून बाहेर गेला.

पुढचं काय सांगू! सर नाचले. डोंगरे सर! पोहेवालीचा नवराही नाचला, तो प्लेटा सोडून आला होता. मुलींनी कप घेतला, फोटो काढले, समोरच्या टीमशी हात मिळवले, बुटातली माती झटकली. सगळं सावकाश केलं.

बस भरली तेव्हा आठ वाजायला आले होते. साहेब पुन्हा पुढच्या सीटवर, घसा बसलेला. काकांनी फॉर्म भरला, खोटं काही लिहिलं नाही, आणि तो साहेबांपुढे धरला. साहेबांनी खिशातून पेन काढलं. 'सुटण्याची वेळ' या रकान्यात छापलेलं सव्वासात खोडलं आणि बाजूला स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'मॅच संपल्यावर'. खाली सही केली.

काकांनी ते दोनदा वाचलं. कंडक्टर बाजूला सरकला.

काकांनी डबल बेल दिली.