जुन्या पत्त्यावरची पाटी

पाटीबाईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी एका संस्थेने तिची वेबसाइट बदलली. दुपारपर्यंत तिने लिहिलेलं एकही पान त्याच्या पत्त्यावर उरलं नाही. संध्याकाळी तिच्या मुलाने, निखिलने, मला नव्या साइटच्या उद्घाटनाच्या समारंभाचा फोटो पाठवला. फोटोत पडदा होता, पडद्यावर तिचं नाव होतं आणि पडद्याला हार घातला होता.

मी त्या फोटोला उत्तर दिलं नाही. मला राग लवकर येत नाही, पण आलेला लवकर जातही नाही. हे लिहिताना तो आहेच. तरी ज्यांच्यावर तो आहे त्यांना आधी जागा द्यायची नाही, एवढं मी ठरवलं आहे. आधी ती.

पाटीबाई हे नाव तिला आमच्या गोरेगावच्या सोसायटीने दिलं. कुठे माणूस अडखळतोय असं दिसलं की तिथे पाटी लावल्याशिवाय तिला चैन पडत नसे. जिन्यातली एक पायरी बाकीच्यांपेक्षा उंच होती. तिच्यासमोरच्या भिंतीवर 'इथे पाय जास्त उचला.' गच्चीच्या दारावर 'कडी आधी वर, मग बाहेर.' अक्षर ठसठशीत आणि वाक्य एका श्वासाचं. सेक्रेटरी एकदा वैतागून म्हणाले, "बाई, सोसायटीचं पार रेल्वे स्टेशन करून टाकलंत." ती म्हणाली, "स्टेशनात माणूस हरवत नाही, सेक्रेटरी. तुमच्या सोसायटीत हरवतो." मागून आपल्याला पाटीबाई म्हणतात हे तिला ठाऊक होतं. पुढे ती फोनवरही स्वतःची ओळख तशीच करून द्यायला लागली.

तिची सगळी नोकरी एका हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत गेली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. पुस्तक विषयाच्या नावाखाली लावायचं, हे माझं शिक्षण. तिला ते हास्यास्पद वाटे. "तुझ्याकडे येणाऱ्याला विषयाचं नाव माहीत असतं गो," ती म्हणायची. "माझ्या खिडकीत कोणी 'न्यूरोलॉजी कुठे' असं विचारलं नाही. 'बाबांचं तोंड वाकडं झालंय, कुठे नेऊ' असं विचारतात. विचारणारा घाबरलेला असतो. घाबरलेल्या माणसाला आपले शब्द पाठ करायला लावायचे नाहीत. त्याचे शब्द आपण पाठ करायचे."

ती निवृत्त झाली आणि थोड्याच दिवसांत तिच्या नवऱ्याला, आप्पांना, लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली. घरी आणल्यावर त्यांना उठवून बसवताना तिने त्यांचा लुळा हात धरून ओढला. पडलेल्या माणसाला आपण हात धरूनच उठवतो, तिनेही तेच केलं. खांदा निखळला. त्या खांद्याचं दुखणं आप्पांना शेवटपर्यंत पुरलं. लकव्याच्या हातात जोर नसतो, तो ओढला की खांदा सुटतो, हे घरी सोडताना तिला कोणीही सांगितलेलं नव्हतं. इतकी वर्षं त्याच हॉस्पिटलच्या खिडकीत बसलेल्या बाईला.

वेबसाइट त्यातून निघाली. तिचं पहिलं पान होतं: 'लकवा झालेल्या माणसाला उठवताना हात का ओढू नये, आणि मग कसं उठवावं.' एवढं लांब शीर्षक कोणी देत नाही, असं मी म्हणाले. ती म्हणाली, "माणूस मोबाइलवर असंच लिहितो. खिडकीत बोलतो तसं."

पान लिहिलं, पण वाचायला कोणी येईना. मग ती बोरिवलीला एका शनिवार-रविवारच्या वर्गाला गेली. शोधणाऱ्याला आपली साइट वर दिसावी म्हणून काय करायचं, ज्याला ते लोक एसईओ म्हणतात, ते तिथे शिकवत होते. तिथल्या सरांनी सांगितलं, महत्त्वाचा शब्द जास्तीत जास्त वेळा घाला. तिने आज्ञाधारकपणे घातला. शुद्धलेखन तपासायला पान माझ्याकडे आलं तेव्हा प्रत्येक वाक्यात लकवा होता. मी म्हणाले, "हे वाचून धडधाकट माणूस आडवा होईल." ती इतकी हसली की आतून आप्पांनी अडखळत विचारलं, काय झालं. तिने ते सगळं पुसलं. वर्गातलं पटलं तेवढं ठेवलं: एका पानावर एकच प्रश्न, शीर्षकात तो प्रश्न, पहिल्या ओळीत उत्तर. "खिडकीत पण हेच करायचे मी. यासाठी बोरिवलीला गेले," ती म्हणाली.

फोटोंसाठी आप्पाच होते. निखिल फोटो काढायचा, ती आप्पांना कुशीवर वळवायची, आणि आप्पा डाव्या हाताने केस नीट करून मागायचे. "माझी चांगली बाजू घे रे," असं ते म्हणत, आणि त्यांची चांगली बाजू कोणती हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. प्रत्येक फोटोला ती नाव द्यायची: 'डावीकडून कुशीवर वळवताना उशी कुठे.' निखिल म्हणाला, आई, फोटो-एक, फोटो-दोन ठेव ना, कोण बघतंय. ती म्हणाली, "नाव नसलेल्याला हाक कशी मारणार? शोधणारं यंत्र आंधळं असतं. त्याला सांगावं लागतं, बाबा, इथे उशी आहे."

पान तयार झालं की ती मला घेऊन हॉस्पिटलच्या तळघरात जायची. तिथे एक्स-रेच्या बाहेर रेंज धड मिळत नाही. तिथल्या बाकावर बसून आपल्या साध्या फोनवर पान उघडायचं आणि वाट बघायची. उघडायला वेळ लागला की घरी जाऊन फोटो लहान करायचे. "आपला वाचक इथे बसलाय," ती म्हणायची. "त्याला एसीतलं वायफाय कुठलं."

आठवडाभरात पहिला नंबर मिळवून देतो, असं सांगणारे फोन तिला येत. ती विचारायची, "माझं पान काय शाळेत जातं?" दुसऱ्या साइटवरून आपल्या पानाकडे वाट असली की शोधणारं यंत्र आपल्याला मानतं, हे तिला पटलं होतं, पण ती वाट विकत घ्यायची, हे पटत नव्हतं. ती स्वतः मुलुंडच्या ज्येष्ठ नागरिक संघात गेली, घाटकोपरच्या फिजिओथेरपिस्टांकडे गेली, वाचा आणि पटलं तर तुमच्या साइटवर माझ्या पानाचा पत्ता द्या, एवढंच म्हणाली. त्यांनी दिला. काहींनी तो चिठ्ठ्यांवर छापून घेतला आणि पेशंटला घरी सोडताना नातेवाइकांच्या हातात ठेवू लागले. हळूहळू माणसं येऊ लागली. मग इतकी की 'उठवताना हात' एवढंच लिहिलं तरी तिचं पान सगळ्यात वर दिसायचं. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा तिने फोन आप्पांच्या डोळ्यांसमोर धरला.

मध्ये आमची इमारत पाडायला निघाली. पुनर्विकासात सगळे पांगले, कोणी मालाड, कोणी दिंडोशी, मी बोरिवली. निघताना तिने बिल्डरच्या पत्र्यावर भलीमोठी पाटी लावली: कोण कुठल्या भागात गेलं आणि पत्ता हवा असल्यास समोरच्या इस्त्रीवाल्याकडे विचारा. वॉचमनने ती काढली. तिने परत लावली. तिसऱ्यांदा वॉचमननेच तिला पाटी बांधायला तार आणून दिली. सेक्रेटरींचे गावचे मामा लग्नाची पत्रिका घेऊन त्या पत्र्यासमोर उभे राहिले, ते त्या पाटीमुळे भाच्यापर्यंत पोहोचले.

त्याच सुमारास ती साइटवरची पानं नीट लावत होती. काही पानांचे पत्ते बदलावे लागले. तेव्हा प्रत्येक जुन्या पत्त्यावर तिने व्यवस्था केली, की तिथे कोणी आलं तर आपोआप नव्या पानावर पोहोचेल. रोज थोडं थोडं, कितीतरी दिवस. मी म्हणाले, कशाला एवढा त्रास. ती म्हणाली, "आपण हललो हे आपल्याला माहीत. छापलेल्या चिठ्ठीला कसं कळणार? जुन्या पत्त्यावर पाटी नको?"

आप्पा आधी गेले. नव्या इमारतीचा ताबा मिळायच्या आत तीही गेली. साइट चालवायला वेळ नाही म्हणून निखिलने ती घरपोच परिचारिका पुरवणाऱ्या एका संस्थेला देऊन टाकली. त्याचा हेतू वाईट नव्हता. आईचं काम पडून राहू नये, एवढंच त्याला वाटलं.

आता ते लोक.

नव्या साइटवर सगळ्यात वर लिहिलं आहे, 'समग्र पुनर्वसन सेवांचे विश्वसनीय केंद्र.' खाली उपनगरांची रांग: अंधेरी होम नर्सिंग, बोरिवली होम नर्सिंग, मुलुंड होम नर्सिंग, जणू स्टेशनं पुकारतायत. आप्पांचे फोटो नाहीत. त्यांच्या जागी परदेशातला कोणी म्हातारा आहे. त्याला लकवा झालेला नाही. तो दोन्ही हातांनी कप धरून हसतो आहे. मी निखिलला फोन केला. तो म्हणाला, "काकू, आईचं सगळं परत येणार आहे, थोडं थांबा."

मी थांबले. त्या थांबण्यात काय होत होतं ते सविताच्या घरी कळलं. सविता आमच्या ग्रंथालयाची जुनी वाचक, घाटकोपरला राहते. तिच्या वडिलांना लकवा झाल्याचं ऐकून मी भेटायला गेले. वडिलांचा खांदा पट्ट्यात बांधलेला होता. "उठवताना मी हात ओढला हो, मॅडम," ती म्हणाली. "मला काय माहीत. हॉस्पिटलात चिठ्ठी दिली होती, हे पान वाचा म्हणून. उघडलं तर पान सापडलं नाही असं आलं. वाटलं, जाऊ दे." तिने चिठ्ठी दाखवली. पाटीबाईच्या पहिल्या पानाचा पत्ता होता.

दुसऱ्या दिवशी निखिलला घेऊन मी अंधेरीला गेले. संस्थेने ज्यांच्याकडून साइट करून घेतली त्यांचं ऑफिस तिथे आहे. गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण समोर बसला.

"मॅडम, जुने पत्ते खूप लांबलचक होते. आम्ही क्लीन केले."

"जुन्या पत्त्यावर आलेला माणूस कुठे जातो?"

"ते रिडायरेक्ट फेज टूमध्ये आहे ना."

"आणि तिचं लिखाण?"

"तो क्लायंटचा, म्हणजे संस्थेचा डिसिजन आहे. ट्रॅफिक थोडं पडलंय, पण येईल परत. सहा महिने द्या."

"ज्याचा बाप आज सकाळी पडला, तो सहा महिने थांबेल का?"

त्याने निखिलकडे पाहिलं, म्हणजे या काकूंना तुम्ही समजवा. निखिलने समजावलं नाही. त्याने तिथूनच संस्थेच्या विश्वस्तांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. विश्वस्तांचा आवाज गोड होता. "ताई, तुमच्या मैत्रिणीबद्दल आदरच आहे," ते म्हणाले. "पण लोक यायचे, वाचायचे आणि निघून जायचे. सेवेसाठी फोनच करत नव्हते."

"वाचून निघून जावं म्हणूनच तिने लिहिलं होतं," मी म्हणाले. "घरात माणूस पडलेला असताना कोणी तुमच्याकडे बसायला येत नाही."

ते म्हणाले, समितीपुढे ठेवतो. समितीपुढे काय ठेवलं गेलं मला माहीत नाही. त्यानंतर त्यांनी माझा फोन उचललेला नाही. माणसं बोलावण्याची विद्या शिकलेल्या त्या सगळ्या लोकांपैकी, आलेल्या माणसाला काय द्यायचं याचा विचार एकानेही केला नव्हता. अज्ञान असतं तर मी विसरले असते. त्यांना मी सांगितलं होतं, समोर बसून आणि फोनवर, मराठीत.

खाली रस्त्यावर निखिल म्हणाला, "काकू, मला वाटलं, आईचं नाव मोठं होईल."

"झालं की, रे," मी म्हणाले. "पडदाभर झालं." मग मला त्याची दया आली, आणि आम्ही रिक्षात बसलो.

तिचं प्रत्येक पान तपासायला माझ्याकडे येत असे, त्यामुळे सगळं लिखाण माझ्या संगणकावर आहे. आप्पांचे फोटो निखिलकडे निघाले, त्यांच्या नावांसकट. आम्ही दोघांनी सगळी पानं दुसऱ्या पत्त्यावर पुन्हा लावली. तिची शीर्षकं, तिच्या पहिल्या ओळी. मी एक शब्द हलवलेला नाही. पण शोधणारं यंत्र या पत्त्याला ओळखत नाही. 'उठवताना हात' लिहिलं की अजून दोन्ही हातांनी कप धरलेला म्हातारा वर येतो. मी मुलुंडला जाते, घाटकोपरला जाते, फिजिओथेरपिस्टांच्या दारात बसते आणि जुन्या चिठ्ठ्या परत मागून नव्या देते. मला असं अनोळखी दारात जायची सवय नाही. मी तिच्यासारखी बोलू शकत नाही. पान उघडून त्यांच्यासमोर धरते.

सविताने नवी चिठ्ठी वडिलांच्या पलंगाच्या वर भिंतीला चिकटवली आहे. पानं नव्या पत्त्यावर आहेत. जुना पत्ता संस्थेकडे आहे, आणि तिथे पाटी नाही.