उजव्या अंगाला

इस्माईलभाईंशी बोलायला कुणीही आलं, की ते आधी त्याचं मनगट धरून त्याला आपल्या उजव्या बाजूला आणून उभं करत. मग म्हणत, "हां, आता बोला." लोणावळ्याच्या टॅक्सीस्टँडवर त्यांची यावरून थट्टा चालायची. खंडाळ्याचे पॉइंट बघायला आलेल्या पाहुण्यांना मात्र ही रीत इतकी आवडे, की ते मुद्दाम भाईंचीच गाडी मागत. काय अदब आहे माणसात, म्हणत. त्या अदबीचं खरं कारण भाईंच्या घराबाहेर फक्त मला ठाऊक होतं.

भाईंना डाव्या कानानं काहीही ऐकू येत नसे. पोरवयात ट्रकवर क्लीनर असताना हवा भरता भरता टायर फुटला, तो थेट कानापाशी. ही गोष्ट बाहेर कळली असती तर टॅक्सीचं लायसन गेलं असतं, आणि गाडी चालवण्याशिवाय भाईंना दुसरं काही येत नव्हतं. म्हणून वीस वर्षं त्यांनी जगाला उजव्या अंगाला ठेवलं.

मला सांगितलं तेही नाइलाजानं. मुंबई-पुण्याची हौशी मंडळी तेव्हा मावळातल्या जंगलखात्याच्या कच्च्या रस्त्यांवर मोटारींची रॅली भरवत. पवनेच्या धरणाचं काम चालू होतं तो काळ. ती नुसती पळापळी नव्हे. ठरलेल्या वाटेनं, ठरलेल्या वेळेला चौक्यांवर हजेरी लावायची. लवकर पोचलात तरी गुण कापणार. वाटेची वही इंग्रजीत, ती वाचायला शेजारी नॅव्हिगेटर लागे. मी भाईंच्या शेजारच्या घरातला, पुण्याला कॉलेजात जाणारा, एकोणीस वर्षांचा, आणि स्वतःला महाशहाणा समजणारा. भाई म्हणाले, "तू वाच, मी हाकतो. पर एक अडचण हाय." त्यांनी कानाला हात लावला. "तू बसनार डावीकडं. तोंडानं सांगून काय बी उपेग न्हाई."

मग आम्ही हाताची भाषा ठरवली. त्यांच्या खांद्यावर एक थाप म्हणजे डावीकडे, दोन थापा म्हणजे उजवीकडे, पंजा दाबून धरला की ब्रेक. त्यावर भाई बोटातली चांदीची अंगठी स्टिअरिंगवर आपटत. टक. म्हणजे समजलं. "दोनदा सांगायचं," हा त्यांचा हट्ट. "एकदा आदी, एकदा जाग्यावर. आदी सांगितल्यालं इसरतं, आन् नुसतं जाग्यावर सांगितल्यालं उशिराचं असतं. दोनी मिळून एक सांगणं हुतं." जाग्यावर थाप पडल्याशिवाय भाई वळत नसत, मग समोर काहीही दिसो.

तुंगार्लीच्या रस्त्यावर आम्ही महिनाभर सराव केला. गुरं आडवी आली की भाई इंजिन बंद करून बसत. मी घड्याळ दाखवून चडफडायचो. "त्यांची वाट हाय ती. आपुन पाव्हणं," म्हणत, आणि शेवटची म्हैस जाईपर्यंत हलत नसत. एवढं करूनही पहिल्याच रॅलीत आमचा तिसरा नंबर आला. वीतभर उंचीचा कप मिळाला. तो भाईंनी माझ्या हातात दिला. "तुज्याकडं ऱ्हाऊ दे. हात तुजा हुता." मीही निर्लज्जासारखा ठेवून घेतला.

दुसऱ्या वर्षीची रॅली भाताच्या काढणीत आली. मी कॉलेजात इतकी फुशारकी मारली होती, की माझे चार मित्र मला बघायला तिकोणा पेठेच्या पुढच्या फाट्यावर येऊन उभे राहिले. तिथून उजवीकडे वळायचं होतं. आधीच्या दोन थापा मी दिल्या, अंगठीही वाजली. आणि फाट्यावर आलो तेव्हा मित्रांनी माझ्या नावानं आरोळी ठोकली. माझा उजवा हात, जो भाईंच्या खांद्यावर पडायला हवा होता, तो त्यांना दाखवण्यासाठी वर गेला. तोंडानं मात्र मी साहेबी थाटात ओरडलो, "उजवीकडे! उजवीकडे!" तेसुद्धा मित्रांना ऐकू जावं म्हणून.

गाडी सरळ गेली. उतारावरून खाली, एका खळ्यात, भाताच्या पेंढ्यांची रचलेली उडवी फोडून बांधावर आदळली. समोरचा ॲक्सल मोडला. खळ्यावरची म्हातारी पदर खोचून धावत आली. "आवं, डोळं हायेत का बटणं? वरीसभराचं भात हाय माजं!" भाईंनी आधी मला चाचपलं. "लागलं का रं?" मला खरचटलंही नव्हतं. मग ते म्हातारीला "चुकलं, मावशी" म्हणाले आणि खाली वाकून विखुरलेल्या पेंढ्या गोळा करायला लागले.

तेवढ्यात चौकीवरचा अधिकारी आणि मागोमाग माझे मित्र येऊन पोचले. "काय रे, नॅव्हिगेटर झोपला होता की काय?" एकानं विचारलं आणि बाकीचे खदाखदा हसले. माझे कान तापले. मी म्हणालो, "मी ओरडून सांगितलं होतं, तुम्हीही ऐकलंत. त्यांना डाव्या कानानं ऐकूच येत नाही, त्याला मी काय करू?"

यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते बोलणं आठवलं की आजही मला माझी किळस येते.

भाई पेंढ्या उचलत होते आणि त्यांचा उजवा कान आमच्याकडे होता. ते सरळ उभे राहिले. हाताच्या भाषेबद्दल ते एक चकार शब्द बोलले असते तरी माझं पितळ उघडं पडलं असतं. अधिकाऱ्यानं विचारलं, "खरं का हे?" भाई म्हणाले, "व्हय. न्हाई येत ऐकू." आणि पुन्हा खाली वाकले. अधिकाऱ्यानं कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

बातमी आमच्या आधी लोणावळ्यात पोचली. पाहुणे बिचकायला लागले. पुढे सरकारी डॉक्टरची तपासणी झाली आणि लायसन गेलं. भाईंनी गाडी विकली आणि कामशेतला पंक्चर काढायचं दुकान टाकलं. त्यांच्या घरच्यांनी लोणावळा सोडला तेव्हा मी निरोपालाही गेलो नाही. मला नोकरी पुण्यात लागली. घरी जाता-येता आगगाडी कामशेतला थांबायची आणि दुकान डब्यातून दिसायचं, म्हणून मी नऊ वर्षं पलीकडच्या खिडकीला बसलो. असला मी शूर.

दहाव्या वर्षी मी स्कूटर घेतली आणि ती नेमकी कान्हे फाट्याच्या पुढे पंक्चर झाली. दुसरं दुकान जवळपास नव्हतं. ढकलत नेली. भाई दाढीसकट पांढरे झाले होते. त्यांनी मला पाहिलं, ओळखलं, आणि नुसती मान हलवून चाक खोलायला घेतलं. माझं मनगट काही धरलं नाही. आता लपवायचं काय राहिलं होतं? ते पाण्याच्या टबावर वाकून ट्यूब बुडवत होते. मी त्यांच्या डावीकडे उभा राहिलो आणि पुटपुटलो, "भाई, चूक माझी होती. मी थाप दिलीच नाही. आणि वर तुमचं गुपित फोडलं."

डावीकडे मी चुकून उभा राहिलो नव्हतो, हेही सांगून टाकतो.

भाईंनी मान वर केली नाही. टबातल्या पाण्यात माझे हलणारे ओठ दिसले असतील त्यांना. "त्या अंगाला बोललास तर ह्या टायराला ऐकू जाईल," ते म्हणाले. "हिकडं ये. दोनदा सांगायचं, इसरलास व्हय?"

मी टबाला वळसा घालून उजवीकडे गेलो. तेच पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. दुकानातलं आणखी एक गिऱ्हाईक माझ्याकडे बघत होतं. भाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि अंगठी टबाच्या पत्र्यावर आपटली. टक. मग म्हणाले, "दोन जागी हाय पंक्चर," आणि कामाला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात भाई गेले. कप अजून माझ्याकडे आहे, माळ्यावर, कापडात गुंडाळलेला. लोक म्हणतात, बरं झालं, वेळेत माफी मागितलीस. पण त्या टकचा अर्थ आमच्यात ठरलेला होता: समजलं. माफ केलं, यासाठी आम्ही कुठलीच खूण ठरवली नव्हती.