अम्म शाझलींची कोरी भिंत

आमच्या गल्लीत कोरी भिंत एकच होती, आणि ती भिंती रंगवणाऱ्याच्याच घराची. बाकी प्रत्येक दाराशेजारी विमान आहे, जहाज आहे, काबा आहे, दोन्ही बाजूंना खजुरीची झाडं आहेत आणि वर हजला जाऊन आलेल्याचं नाव. ही सगळी चित्रं शाझलींची. आम्ही त्यांना अम्म शाझली म्हणतो, काका म्हणावं तसं. स्वतः ते कधी हजला गेले नाहीत. दर वर्षी सोडतीत नाव घालतात, दर वर्षी दुसऱ्याचं निघतं, आणि तो दुसरा परत आला की त्याच्या भिंतीवर विमान काढायला अम्म शाझलीच शिडी घेऊन हजर.

त्यांचा एक नियम होता. माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तेवढंच त्याच्या भिंतीवर येईल. मितवल्ली ड्रायव्हर जेद्दाहला ट्रक चालवून परत आला आणि म्हणाला, "अम्म, माझ्या दारावर काबा काढा."

"गेला होतास?"

"जवळच होतो की! सरळ रस्ता आहे."

"मग रस्ता काढतो."

आणि खरंच काढला. रस्ता, ट्रक आणि मक्केकडे बाण दाखवणारी पाटी. नवखा पाहुणा अजूनही ती पाटी बघून मितवल्लीच्या घराला वळसा घालून जातो. उम्म हाशिम, म्हणजे हाशिमची आई, हजला जहाजाने गेली होती. तिच्या भिंतीवर जहाज आहे आणि जहाजाहून मोठी एक बादली. लोक हसले तर तीच म्हणाली, "हसता काय? जाताना आणि येताना मी बादलीशिवाय काही पाहिलंच नाही."

अम्म शाझलींची बायको मात्र चिडायची. "जगाच्या भिंती रंगवतोस आणि आपल्या घराला नुसता चुना! निदान एक शेळी तरी काढ."

"शेळी तर रोजच बघतो."

"मग पाहिलीच आहेस ना? काढ!"

"रोज बघितलेलं भिंतीवर काढत नाहीत, बाई. आयुष्यात एकदा बघितलेलं काढतात."

मग ग्रहणाची बातमी आली. भर दुपारी सूर्य पूर्ण झाकणार, आणि जगात सगळ्यात जास्त वेळ, सहा मिनिटांच्या वर, अंधार आमच्याकडे राहणार. नदीच्या पलीकडच्या तीरावर लक्सरची हॉटेलं भरून गेली. इकडे अम्म शाझलींनी आपली भिंत खरवडली, दोनदा चुना दिला आणि समोर खुर्ची टाकून बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आपल्या हयातीत पुन्हा नाही. हे मी बघणार, आणि हे इथे येणार." बोट भिंतीच्या मधोमध.

इन्साफबाई आमच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांना कुठलीही गोष्ट एकटी आवडत नाही. त्यांनी पालकांची सभा बोलावली आणि जाहीर केलं, "ग्रहण, वारसा, कला आणि शिक्षण, चारही एकाच दुपारी उरकायचं." पूर्वजांच्या कथेत सूर्य नावेतून आकाश ओलांडतो आणि अंधाराचा साप त्याला गिळायला येतो. तर शाळेची सगळी मुलं सूर्याची राखण करणारे ससाणे होणार, रद्दी आणि खळीचे मुखवटे घालून. मुखवट्यांच्या डोळ्यांत ग्रहण बघायची काळी फिल्म चिकटवायची. धान्याच्या पोत्यांचा साप करायचा, त्याच्या पोटात खेळाचे रागेब मास्तर. सूर्य पूर्ण झाकलेला असतो तेवढा वेळ उघड्या डोळ्यांनी बघायला हरकत नसते, तेव्हा बाई शिट्टी वाजवणार, मुलं मुखवटे वर करून सूर्य बघणार, मग उसाच्या भाल्यांनी साप मारणार. शिक्षण खात्याचे साहेब येणार, परदेशी पाहुण्यांची बस येणार, आणि मागच्या भिंतीवर हाच प्रसंग रंगवलेला असणार.

"सगळं आधी काढून ठेवतो," अम्म शाझली म्हणाले. "नाव, ससाणे, साप. सूर्य तेवढा नाही."

"का?"

"पाहिलेला नाही."

"अहो, पुस्तकात फोटो आहे!"

"मग पुस्तकाच्या भिंतीवर आहेच तो. तुमच्या भिंतीवर तुम्ही बघितल्यावर येईल. मीही बघेन, आणि लगेच भरून देईन."

शेवटी भिंतीवर परातीएवढा गोल कोरा ठेवायचं ठरलं. बाईंनी साहेबांना कळवलं की ही आधुनिक कला आहे.

आम्हा आयांना मात्र कलेचं काही पडलेलं नव्हतं. सभेत कुणीतरी म्हणालं होतं की उघड्या डोळ्यांनी एकदा पाहिलं तरी दृष्टी जाते, आणि त्यापुढचं एक अक्षर आमच्यातल्या कुणी ऐकलं नाही. शिट्टीचंही नाही. त्या दिवशी सकाळी मी माझ्या लेकीचा, हनीनचा, मुखवटा बांधला. साधी गाठ. मग वाटलं, घामाने सुटली तर? दुसरी मारली. मग वाटलं, तिनेच ओढली तर? तिसरी मारली, आणि निळ्या रिबिनीने चौथी. शेजारी उम्म हाशिम नातवाची गाठ पाण्याने ओली करत होती, वाळली की आवळते म्हणून. मी तिची नक्कल केली.

गावातले बाकी पुरुष मशिदीत होते, ग्रहणाची वेगळी नमाज असते. आयांना दुसरीच्या वर्गात बसवून बाहेरून कडी घातली, कारण इन्साफबाईंच्या मते आया ओरडतात. खिडक्यांवर वर्तमानपत्रं चिकटवली होती. मी नखाने जरा कागद फाडला. आकाश दिसत नव्हतं, पटांगण दिसत होतं. मला तेवढंच हवं होतं. मुलं रांगेत बसून वर बघत होती. साहेबांनाही मान म्हणून मोठ्या मापाचा मुखवटा घातला होता. बस अजून आली नव्हती, म्हणून फाटक सताड उघडं ठेवलेलं, आणि फाटकासमोर कालवा. भिंतीपाशी अम्म शाझली, धुतलेल्या पांढऱ्या झग्यात, हजला निघाल्यासारखे. एका हातात कुंचला, दुसऱ्यात कागदी चष्मा.

ऊन पाणी घातलेल्या ताकासारखं पातळ झालं. कुत्री गप्प झाली. मग कुणीतरी दिवा घालवावा तसा अंधार पडला.

त्या फिल्ममधून सूर्याशिवाय काही दिसत नाही. आता सूर्यही नाही.

"गेला!" एक ससाणा ओरडला.

"माझा पण गेला!"

"माझे डोळे गेले!"

इन्साफबाईंनी शिट्टी तोंडाला लावली, ती त्यांच्याच चोचीवर आपटली. मुखवटा ओढला तर निघेना, त्यांचीही आई आमच्यात होती. चोचीतून नुसतं फुर्र झालं. तरी मुलांनी काहीतरी ऐकलं आणि भाले उचलले. साप मात्र कुणाला सापडेना.

"अरे, मी साप नाही! मी खात्याचा माणूस आहे!"

"साप बोलतोय! मारा!"

"मास्तर, साप कुठाय?"

"मी इथे आहे," पोत्यातून रागेब मास्तर म्हणाले, "पण इथे म्हणजे कुठे ते मला दिसत नाही."

आम्ही दार बडवायला लागलो. उम्म हाशिम ओरडली, "वाजवा बायांनो, वाजवा! जोरात वाजवलं की सूर्य सुटतो!"

"सूर्य राहू दे, आधी ही कडी सुटू दे!"

मी परत भोकाला डोळा लावला. संधिप्रकाश होता, आकार दिसत होते. अख्ख्या पटांगणात मुखवटा नसलेला माणूस एकच. अम्म शाझलींनी चष्मा काढला होता आणि त्यांची हनुवटी हळूहळू वर जात होती. तेवढ्यात एक लहानसा ससाणा हात पुढे करून, रडत, त्यांच्या गुडघ्याला घासून फाटकाकडे गेला. त्याच्यामागे दुसरा. मागे आणखी.

हनुवटी खाली आली.

त्यांनी शिडी उचलली आणि फाटकात आडवी टाकली. रंगाचा डबा झग्यावर सांडला. पहिल्या ससाण्याला धरून ते तिथेच मातीत बसले आणि गाठ सोडायला लागले. सुटली तशी पोराची मान धरून वर केली. "ते बघ!" पोराने बघितलं आणि रडायचं थांबलं. "आता तू दुसऱ्याची सोड." पण आयांच्या गाठी पोरांच्या बोटांना थोडीच सुटणार? मोठी मुलं कशीबशी एखादी सोडत होती, बाकी सगळ्या त्यांच्याकडेच. गाठ, "वर बघ", गाठ, "वर बघ". एकदाही स्वतःचं डोकं उचललं नाही. मी कागदाआडून ओरडत होते, "अम्म, माझी हनीन! निळी रिबीन!" म्हणजे ओरडतातच आया, इन्साफबाईंचं काही चुकलं नव्हतं.

हनीन शेवटच्या काहींत होती. पुढचं तिने सांगितलं. त्यांनी नखं लावली, मग दात लावले. ती म्हणाली, "अम्म, तुम्ही आधी बघून घ्या, मी थांबते."

"हलू नकोस. कुणी बांधलंय हे?"

"आईने."

"आई की कोळी?"

मुखवटा निघाला. हनीनने वर बघितलं, काळ्या गोलाभोवती पांढरे केस उभे होते म्हणाली, आणि कडेला एक ठिणगी पेटली. पटांगण उजळलं. अम्म शाझलींनी तोंडातला निळा धागा थुंकला आणि डोळ्यांवर हात धरला. संपलं होतं.

बस तेव्हा आली. साहेब, अंगभर उसाचा रस, भिंतीकडे बघून म्हणाले, "हा गोल रिकामा का?"

"मी पाहिलेलं नाही," अम्म शाझली म्हणाले. "यांनी पाहिलंय." आणि शिडीवर मुलांना चढवून स्वतः खालून धरून उभे राहिले. मुलांनी बोटांनीच गोल भरला. कुणी ऑलिव्ह काढलं, कुणी जळकं अंडं, हनीनने केस. पाहुण्यांनी पुष्कळ फोटो काढले.

इन्साफबाई संध्याकाळी त्यांच्या घरी गेल्या. "तुम्हीही काढा हो ग्रहण. सगळं गाव साक्ष देईल की तुम्ही तिथे होतात."

"होतो. बघितलं नाही."

"अरे बाबा!" आतून बायको ओरडली, "मितवल्लीला ट्रक दिलास ना? तसं स्वतःला काहीतरी दे! चुना दिलाय दोनदा!"

पुढचे काही दिवस ते खुर्चीवर भिंतीकडे बघत बसले. मग एका सकाळी शिडी लागली. शुक्रवारच्या जुम्म्यापर्यंत भिंत भरली, आणि अख्खी गल्ली समोर उभी राहिली. सूर्य नाही, साप नाही, होडी नाही. नुसती डोकी, मागून दिसणारी, ओळीच्या ओळी, आणि प्रत्येक डोक्यामागे एक गाठ. सुतळीची गाठ, नाडीची गाठ, उम्म हाशिमची ओली गाठ. प्रत्येक आई आपली शोधत होती आणि सापडली की तिच्यावर बोट ठेवून बघत होती. वर, हाजीचं नाव येतं तिथे, त्या दिवसाची तारीख. बायको सरबताचे पेले फिरवत होती, खरोखर कुणी हजहून आल्यासारखी.

माझी शोधावी लागली नाही. दाराच्या डोक्यावर होती, कलिंगडाएवढी, निळी.

"अम्म," मी म्हणाले, "माझी गाठ काही एवढी मोठी नव्हती."

ते शिडीवरून उतरलेही नाहीत. "लहान करून काढलीय. खरी काढली असती तर घरात शिरायला दार उरलं नसतं."